रायणपुऱ्याचं वळण कोणी घातलं

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या खात्याचे निवृत्त अधीक्षक अभियंता माननीय विश्वासराव घाटगे साहेब, प्रमुख पाहुण्या, आपल्या विभागाच्या कार्यकारी अभियंता श्रीमती संयोगिता माने, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या नकाशा शाखेच्या मुख्य आरेखक स्नेहलताबाई सुर्वे, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची कन्या यशश्री, रायणपुऱ्याहून जीप करून आलेली मंडळी, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार. आमच्या गुजराती स्नेह्यांना जय श्रीकृष्ण.

सूत्रसंचालन करणाऱ्या अवंतीताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. वेळेची चिठ्ठी हातात देताना त्या हसल्या. ज्याचा जन्म चौकशा करण्यात गेला त्याला कुणी हसून काही दिलं, की तो ते उलटं करून बघतो. मी बघितलं. मागे लिहिलं होतं, 'काका लांबवणार. लिलो चिवडो त्यांच्यानंतरच बाहेर काढा.' म्हणजे माझ्याबद्दलही या सभागृहात संशय आहे तर. बरं वाटलं, जरा घरच्यासारखं वाटलं.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी पिलाजीराव खानविलकर. सात वर्षांपूर्वी खात्याच्या चौकशी शाखेतून निवृत्त झालो. आमच्या घरात अशी तक्रार आहे, की दुधात पाणी नाही असं सिद्ध झालं तरी मी विचारतो, 'का नाही?' तक्रार खोटी नाही.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी स्नेहलताबाईंच्या सुरेख अक्षराबद्दल सांगितलं, चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही नकाशा फाटू न दिल्याबद्दल सांगितलं. सगळं खरं आहे. पण त्यांच्या नोकरीत पाच महिन्यांचा एक खंड आहे, आणि त्याबद्दल कुणी बोललं नाही. सभ्य माणसं निरोपाच्या दिवशी असं बोलत नाहीत. मला ते बोलणं भाग आहे, कारण त्यांना निलंबित करण्याची शिफारस माझी होती.

हे समजायला आधी तो रस्ता समजला पाहिजे. सावलीकडचा आपला राज्य मार्ग. समा ओलांडलं की शहर मागे सुटतं. मंजुसरला कारखान्यांच्या बसगाड्या दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. मग सावली, तिथला बाजार, आणि पुढे तंबाखू-कपाशीची शेतं पार करत रस्ता महीच्या कोतरांकडे, म्हणजे नदीकाठच्या घळींकडे उतरतो. जुनी माणसं सांगत, की ही मुळात गाडीवाट. नदीचा उतार पार करून बैलगाड्या बडोद्याच्या बाजाराला यायच्या. संस्थानाच्या काळात वाटेवर मुरूम पडला, खडी पडली, दोन्ही कडांना रायणीची झाडं लागली. संस्थान गेलं, रस्ता मुंबई राज्याच्या दप्तरात गेला. साठ साली गुजरातच्या दप्तरात आला. सत्याहत्तर साली तो रुंद झाला, त्यावर नवं डांबर पडलं, आणि हिरव्या डोक्याचे दगड लागून तो राज्य मार्ग झाला. इतक्या वेळा धनी बदलले, पण वाट तीच राहिली. एवढी एक जागा सोडून.

रस्ता सरळ जातो तेव्हा कुणी काही विचारत नाही. वळला, की विचारावं, कशासाठी वळलास? ओढा असेल, टेकाड असेल, एखादं देऊळ असेल. सावलीच्या पुढे रायणपुऱ्याला यातलं काहीही नव्हतं. पाटासारखी सपाट जमीन. तरी तिथे रस्ता एकदम कोपरातून हात मोडावा तसा पूर्वेला मोडायचा, एका शेठच्या आंब्याच्या बागेला वळसा घालायचा, आणि अर्ध्या मैलावर पुन्हा आपल्या रेषेवर यायचा. शेठ आज हयात नाहीत, म्हणून नाव घेत नाही. बागेच्या जागी आता गोडाऊन आहेत. त्या वळणावर शेवटच्या दहा वर्षांत अकरा माणसं गेली. आज जीप करून आलेल्यांपैकी कुणाकुणाच्या घरचं माणूस त्यांत होतं, हे त्यांना सांगायला मी इथे नको.

दोन हजार सतराच्या जानेवारीत रस्ता चौपदरी करायचं ठरलं. नव्या आराखड्यात ते वळण जसंच्या तसं राहणार होतं, कारण कागदोपत्री रस्ता पहिल्यापासून तसाच आहे, असं वरून सांगण्यात आलं. त्याच आठवड्यात चौकशी शाखेच्या नावाने पाठवलेलं एक निनावी पत्र माझ्या टेबलावर आलं. गुजरातीत, टाइप केलेलं. मजकूर चार ओळींचा. 'रायणपुऱ्याचं वळण मूळ रस्त्यात नाही. सत्याहत्तर सालच्या मोजणीचं शीट नंबर चौदा नकाशा खोलीत आहे. ते नाहीसं होण्याआधी बघा.' खाली जागा लिहिली होती, तेवीस आडवी रेघ चारशे. तेविसाव्या किलोमीटरनंतर चारशे मीटर. सामान्य माणूस असं लिहीत नाही. सामान्य माणूस 'बागेपाशी' लिहितो. पत्र खात्यातल्याच कुणाचं, हे मी पहिल्या मिनिटाला ओळखलं. कुणाचं, ते पुढे सांगतो.

मी नकाशा खोलीत गेलो. शीट तेरा होतं, पंधरा होतं, चौदा नव्हतं. रजिस्टर मागवलं. शीट चौदा काढून घेतल्याची सही होती, परत केल्याची नव्हती. आणि सही होती ती खोली सांभाळणाऱ्या स्नेहलताबाईंचीच. माझ्या नोकरीत चोर इतक्या सरळपणे कधी भेटला नव्हता. त्यामुळे माझा संशय आणखी बळावला.

मी विचारलं, "शीट चौदा कुठे आहे?"

"आहे, साहेब. सुरक्षित आहे."

"मग द्या."

"तुम्हाला नाही देणार."

त्या हे अगदी शांतपणे म्हणाल्या, हातातली पेन्सिल खाली न ठेवता. मी म्हटलं, "चौकशी अधिकारी मी आहे, बाई."

"म्हणूनच. दुसरा अधिकारी नेमा, त्यांना लगेच देते. तसा अर्ज मी वर पाठवलाय. कारणही लिहिलंय त्यात."

"कारण मला सांगा."

"सगळ्यांना सांगेन. तुम्हालाच नाही सांगू शकत."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? मी तेच समजलो. शेठच्या वारसांनी बाईंना हाताशी धरलं आहे, वळण टिकावं म्हणून नकाशा दडवला आहे, आणि माझ्यासारखा चिकट अधिकारी त्यांना नको आहे. दोन दिवस मी ती खोली पालथी घातली. शीट सापडलं नाही. मी अहवालात लिहिलं, 'सदर कर्मचाऱ्याने शीट कार्यालयाबाहेर नेले असावे.' त्या 'असावे'च्या जोरावर मार्चमध्ये त्या निलंबित झाल्या. त्यांचा अर्ज वरच्या एका साहेबांच्या टेबलावर पडून राहिला. ते साहेब कोण, हे मला नंतर कळलं. आजचं निमंत्रण त्यांनाही होतं. ते आलेले नाहीत, एवढंच नोंदवून पुढे जातो.

रावपुऱ्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो, ते आपण जाणता. ज्याच्या सभागृहात आज बसलो आहोत त्या आपल्या मंडळात बाईंचं येणं थांबलं. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. यशश्री तेव्हा बारावीला होती. एकदा भाजी घेताना ती मला समोरून दिसली. मी हसलो. ती माझ्याकडे पूर्ण एक क्षण बघत राहिली आणि मग तिनं तोंड फिरवलं. मी घरी येऊन म्हणालो, 'आईने शिकवलंय.' संशयी माणसाला पोरीचा रागसुद्धा कटाचा भाग वाटतो.

निलंबित माणूस काय करतो, हे बघणंही माझ्या सवयीत होतं. जुलैमध्ये मला कळलं, की बाई दर रविवारी सकाळी सावलीची बस धरतात. दोन रविवार मी डेपोवर उभा राहून खात्री केली. तिसऱ्या रविवारी बसमागे स्कूटर घातली. बाई सावलीला बस बदलून रायणपुऱ्याच्या फाट्यावर उतरल्या आणि सरळ शेठच्या जुन्या बागेच्या फाटकाकडे चालू लागल्या. मी झाडाआड स्कूटर लावली. मनात म्हटलं, सापडल्या.

बाई फाटक ओलांडून पुढे गेल्या. फाटकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या वस्तीत कडुनिंबाखाली एक ऐंशीच्या पुढची म्हातारी खाटेवर बसून गवार निवडत होती. बाई तिच्यापाशी बसल्या, पिशवीतून वही काढली आणि ती सांगेल ते लिहू लागल्या.

मी चालत गेलो आणि समोर उभा राहिलो. बाईंनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत, फक्त वही मिटली. म्हातारी मात्र डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू पेला ओवरसियरनो छोकरो ने? खानविलकर साहेबनो. ए ज कपाळ."

त्या ओव्हरसियरचा मुलगा ना तू, तेच कपाळ आहे. मी 'हो' म्हणालो. माझे वडील धनाजीराव खानविलकर याच खात्यात ओव्हरसियर होते, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. त्यांची पहिली पंचवीस वर्षं कुठकुठल्या रस्त्यांवर गेली, हे मात्र मला माहीत नव्हतं. ते घरी कामाचं बोलत नसत.

स्नेहलताबाई हळूच म्हणाल्या, "बा, हे आत्ता नव्हतं सांगायचं."

ती म्हातारी, म्हणजे रेवाबा, म्हणाल्या, "केम? एनो बाप हतो. एने ना कहिये तो कोने कहिये?"

याचा बाप होता तो, याला नाही सांगायचं तर कुणाला? आणि त्यांनी सांगितलं. मी मराठीत सांगतो. सत्याहत्तर साली रस्ता रुंद करायला मोजणीवाले आले. पहिल्या खुंट्या सरळ रेषेत होत्या, जुन्या रायणींच्या कडेने, बागेच्या मधून. रेवाबांनी स्वतः त्या मजुरांना पाणी पाजलं होतं. एका दुपारी ओव्हरसियर शेठकडे जेवायला गेले. जेवून निघताना शेठ त्यांना सोडायला वस्तीपर्यंत आले. आठवड्याने खुंट्या उपटल्या गेल्या आणि पूर्वेला, वस्तीच्या अंगाला लागल्या. सरळ रस्ता बागेतून गेला असता. तो वस्तीच्या दारातून गेला. अठ्ठ्याण्णव साली रेवाबांचा थोरला मुलगा सायकलवर दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघाला, आणि दारापासून चाळीस पावलांवर, वळणात, ट्रकखाली आला.

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. गवार निवडणं चालू होतं.

मी बाईंकडे वळलो. "शीट चौदावर सही माझ्या वडिलांची आहे."

"हो, साहेब. म्हणून दुसरा अधिकारी मागितला."

"तुम्हाला वाटलं, मी ते गायब करीन?"

"हो."

"फार स्पष्ट बोलता."

"तुम्ही मला निलंबित केलंत. मीही स्पष्ट बोलायला नको?"

मंडळी, मी सहा महिने या बाईंवर पाळत ठेवून होतो, आणि त्या सहा महिने माझ्यावर. फरक इतकाच, की त्यांच्या संशयाला आधार होता.

शीट कार्यालयाबाहेर कधी गेलंच नव्हतं. त्यांनी ते स्वतःच्या नावावर काढलं, म्हणजे रजिस्टरप्रमाणे दुसऱ्या कुणाला ते मागताच येऊ नये. मग ते डभोई रस्त्याच्या सहाव्या गुंडाळीच्या पोटात गुंडाळून ठेवलं. सावलीचा नकाशा डभोईत कोण शोधणार? मी नाही शोधला. कार्यालयाबाहेर नेलं असतं तर गुन्हा झाला असता, म्हणून नेलं नाही. सगळं नियमात.

मी विचारलं, "मग आता मला का सांगता?"

त्या म्हणाल्या, "बांच्या समोर सांगतेय. शिवाय निलंबनाआधीच तीन फोटोप्रती काढल्यात. एक अर्जासोबत वर गेली, एक वकिलांकडे आहे, आणि एक या बांच्या पेटीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नकाशा खोली उघडली. डभोईची सहावी गुंडाळी सोडली, आणि आतून शीट चौदा निघालं. एक रेघ काळ्या शाईत, सरळ. दुसरी तांबड्या शाईत, पूर्वेला वाकलेली. बाजूला शेरा होता, 'पिण्याच्या पाण्याच्या विहिरीमुळे रेषा सरकविली.' शेरा गुजरातीत, आकडेही गुजराती, पण नऊचा आकडा तेवढा मराठी वळणाचा. माझे वडील आयुष्यभर नऊ तसाच काढत. दूधवाल्याच्या वहीतही, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानाही. खाली सही वाचायची मला गरज उरली नाही.

आणि विहीर? विहीर आहे. रेवाबा म्हणाल्या होत्या, ती शेठने रस्ता झाल्यानंतर दोन वर्षांनी खणली. मी जाऊन कठड्यावरचा दगड पाहिला. एकोणऐंशी साल कोरलेलं आहे.

माझे वडील कंत्राटदाराच्या घरचा चहा घेत नसत. रविवारी खात्याची जीप दारात उभी राहू देत नसत. मी चौकशी शाखेत गेलो तो त्यांच्यासारखं व्हावं म्हणून. आणि त्यांचा खोटा शेरा माझ्या हातात होता. खोलीत मी एकटा होतो. किल्ली माझ्या खिशात होती. त्या तीन प्रती नसत्या, तर मी काय केलं असतं? गेली आठ वर्षं मी स्वतःला हे विचारतो आहे. मला स्वतःबद्दल खात्री देता येत नाही. स्नेहलताबाईंना ती तेव्हाही देता येत नव्हती, आणि त्यांचं बरोबर होतं.

ऑगस्टमध्ये मी अहवाल दिला. वळण मूळ रेषेत नाही, शेरा असत्य आहे, जबाबदार अधिकारी धनाजीराव खानविलकर, माझे वडील, ते शहाण्णव साली वारले. स्नेहलताबाई निर्दोष आहेत, माझी शिफारस चुकीची होती, त्यांना सन्मानाने परत घ्यावं. वरच्या साहेबांनी अहवाल 'थोडा मऊ' करायला सुचवलं. मी केला नाही. बाई कामावर परत आल्या. चौपदरीकरणाची रेषा बदलली, गोडाऊनच्या दोन भिंती मागे सरकल्या, आणि एकवीस साली रस्ता रायणपुऱ्याला सरळ झाला. तेव्हापासून तिथे एकही माणूस गेलेलं नाही. रेवाबा गेल्या वर्षी वारल्या, वयाने, आपल्या खाटेवर. त्याआधी नातवाच्या छकड्यात बसून त्या नव्या रस्त्यावरून सावलीपर्यंत जाऊन आल्या. रस्ता कसा वाटला म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "लांबो हतो ते टूंको थई गयो." लांबचा होता, जवळचा झाला.

आपल्यापैकी अनेकांना गोष्ट इथपर्यंत माहीत आहे. वर्तमानपत्रातही आली होती. 'वडिलांविरुद्ध अहवाल देणारा अधिकारी' म्हणून याच मंडळाने मला शाल दिली. याच व्यासपीठावर. अध्यक्ष साहेब, ती शाल मी आज परत करत नाही, थंडीत उपयोगी पडते. पण ती घेताना मी गप्प राहिलो, ते आज सांगतो.

अहवालात एक रकाना असतो, 'कृत्यामागील हेतू.' मी लिहिलं, 'अभिलेखावरून स्पष्ट होत नाही.' बाई कामावर रुजू झाल्या त्या दिवशी अहवालाची प्रत नोंदवायला त्यांच्याकडे आली. त्यांनी ती पूर्ण वाचली. मग मला विचारलं, "साहेब, हेतू खरंच कळला नाही?"

मी म्हणालो, "नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि पुढची फाइल ओढली.

मंडळी, हेतू मला कळला होता. त्या दिवशी कडुनिंबाखाली रेवाबांनी आणखी एक वाक्य सांगितलं होतं. शेठ ओव्हरसियरना सोडायला वस्तीपर्यंत आले, तेव्हा निरोप घेताना जे म्हणाले ते. "साहेब, छोकराना भणतरनी चिंता हवे मारी." मुलाच्या शिक्षणाची काळजी आता माझी. बाईंनी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. कुठला मुलगा, कसलं शिक्षण, हे त्या दोघींना ठाऊक नव्हतं. मला होतं.

सत्याहत्तर साली मी सतरा वर्षांचा होतो. तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाला मला गुण कमी पडले होते. पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या यादीतही नव्हतं. वडील दोन आठवडे कुणाशी नीट बोलत नव्हते. मग एका संध्याकाळी ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "नाव लागलं." ती संस्था बडोद्याबाहेरची, खासगी होती. तिच्या विश्वस्तांत बागवाले शेठ होते, हे मी दोन हजार सतरा साली जुन्या माहितीपत्रकात शोधून काढलं. यादी लागल्याची तारीख आणि तांबड्या रेघेची तारीख यांत नऊ दिवसांचं अंतर आहे.

म्हणजे माझी पदविका, तिच्यावर मिळालेली नोकरी, आणि ज्या खुर्चीत बसून मी स्नेहलताबाईंना निलंबित केलं ती खुर्ची, सगळं त्या वळणातून आलेलं. वडिलांना कुणी विकत घेऊ शकलं नव्हतं. त्यांच्या मुलाची काळजी दिसली, आणि तिथे हात घातला गेला. मला त्यांचा राग येतो. आणि मला एक मुलगा आहे, त्यामुळे पुरता येतही नाही. पण रेवाबांनाही एक मुलगा होता.

हे मी अहवालात लिहिलं नाही, कारण वडिलांचं नाव लिहिणं मला झेपलं, स्वतःचं लिहिणं झेपलं नाही. लोक मला प्रामाणिक म्हणत राहिले आणि मी ऐकत राहिलो.

स्नेहलताबाई, आता तुमच्याशी बोलतो. ते निनावी पत्र तुमचंच होतं. किलोमीटर आणि मीटर यांच्यामध्ये अशी आडवी रेघ काढून लिहिणारं आपल्या कार्यालयात दुसरं कुणी नाही. तुम्ही आजवर कबूल केलेलं नाही, आत्ताही हसताय, करू नका. पण त्या दिवशी तुम्ही मला सरळ तोंडावर विचारलंत आणि मी खोटं बोललो. शिक्का मारताना तुम्हाला ते कळलं होतं, असा माझा संशय आहे. आठ वर्षं आपण नमस्कार-चमत्कार करत आलो, यशश्रीच्या पदवीचे पेढे तुम्ही घरी आणून दिलेत, पण तुम्ही मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. विश्वास बसला म्हणून नव्हे. उत्तर कळलं होतं म्हणून.

हे पाकीट मी सोबत आणलं आहे. आत पाच पानांचा जबाब आहे, सही केलेला, माझ्या प्रवेशाच्या कागदांसह. हेतूचा रकाना मी भरला आहे. संयोगिताताई, तो मूळ फाइलला जोडण्याची परवानगी आपण द्यावी. समारंभ चार वाजता सुरू झाला. आत्ता पाचला बारा मिनिटं आहेत. सहा वाजेपर्यंत स्नेहलताबाई नोकरीत आहेत, आणि कार्यालय इथून चालत सात मिनिटांवर. आवक नोंद त्यांच्या हातची व्हावी, अशी माझी इच्छा आहे. बाई, आधी पूर्ण वाचा. माझ्या शब्दावर जाऊ नका. काही राहिलंय असं वाटलं तर तिथेच विचारा, मी बरोबर येतो.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल मंडळाचा, अध्यक्ष साहेबांचा आणि पाचाची पंचवीस मिनिटं होऊनही घंटा न वाजवणाऱ्या अवंतीताईंचा मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात मानपानाचा क्रम चुकला असेल, शब्द अधिक-उणा गेला असेल, तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. जे मुद्दाम बोललो त्यासाठी मात्र क्षमा मागत नाही. क्षमा मागायची ती रायणपुऱ्याच्या मंडळींची, आणि यशश्री, तुझी. भाजीच्या गाडीपाशी तू मला बरोबर ओळखलं होतंस.

चला, बाई. फाइल काढू.